दोघांचंही रक्त पाठवा

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, हे शाळेच्या पुस्तकात असतं. रोज सकाळी पर्वती चढणारा, दोन मुलांचा बाप असलेला एखादा ठणठणीत गृहस्थ ४५ गुणसूत्रांवर आयुष्य काढत असू शकतो, हे मात्र त्या पुस्तकात नसतं. असे लोक साधारण हजारात एक सापडतात. बहुतेकांना त्याचा कधीच पत्ता लागत नाही आणि लागायचं काही कारणही नसतं. ज्यांना लागतो, त्यांच्या रक्ताची नळी कधीतरी माझ्यासारखीच्या टेबलावर येऊन गेलेली असते.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत गुणसूत्रं बघते. आम्ही त्याला कॅरिओटाइप काढणं म्हणतो. माझ्याकडे माणसं येत नाहीत, हिरव्या झाकणाच्या नळ्या येतात आणि त्यांच्यासोबत एक कागद. कागदावर एकच ओळ असते: ‘वारंवार गर्भपात’, ‘वय १७, पाळी आलेली नाही’, ‘मूल अजून बसत नाही’. त्या ओळीचं उत्तर आम्हाला पेशींमध्ये शोधायचं असतं, आणि पेशी काही लगेच बोलत नाहीत. गुणसूत्रं सुटी सुटी दिसतात ती पेशी दुभंगत असतानाच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी दुभंगत नाहीत, म्हणून त्यांना डिवचावं लागतं. डिवचायला लागतं ते द्रव्य चक्क राजम्याच्या दाण्यातून काढलेलं असतं. पीटर नॉवेल या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९६० च्या सुमारास त्याचा हा गुण लक्षात आला. ३७ अंशांवर ७२ तास ठेवलं की पेशी वाढीला लागतात. मग ऐन दुभंगण्याच्या क्षणी त्यांना थोपवायचं. हे काम कोल्चिसीनच्या जातीचं औषध करतं. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळ्या फुलांनी डोलणाऱ्या कळलावीच्या कंदातही हेच विष असतं. पुढे सौम्य खारं पाणी घालून पेशी फुगवायच्या, मिथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिडमध्ये पक्क्या करायच्या आणि काचपट्टीवर थेंब सोडायचा.

हा थेंब सोडणं पुस्तकातून शिकता येत नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत तो झटकन सुकतो आणि गुणसूत्रं एकमेकांवर चढून बसतात. जुलैत हवा इतकी दमट की ती भलतीच पांगतात, एका पेशीची शेजारच्या पेशीत जाऊन पडतात. पाऊस सुरू झाला की आमच्या खोलीत पहिली चर्चा काचपट्ट्यांची होते, छत्र्यांची नंतर. मग ट्रिप्सिन आणि गिम्सा रंग. त्याने प्रत्येक गुणसूत्रावर काळे-पांढरे पट्टे उमटतात, आणि पट्ट्यांवरून कोण कितवं हे ओळखायचं. आकारानुसार क्रमांक दिलेत म्हणावं, तर २१ वं गुणसूत्र प्रत्यक्षात २२ व्यापेक्षा लहान आहे. क्रमांक ठरले तेव्हा मापात चूक झाली आणि मग ती कुणी दुरुस्त केली नाही. मी शिकले तेव्हा फोटो काढून, कात्रीने एकेक गुणसूत्र कापून, कागदावर जोड्या चिकटवायचो. आता जोड्या संगणक लावतो. तरी २० पेशी मोजायच्या आणि शंका आली तर आणखी काढायच्या, हा शिरस्ता तोच आहे.

मोजण्याची थोरवी सांगायची तर एकच गोष्ट पुरे. १९२३ पासून सगळं जग माणसाची गुणसूत्रं ४८ धरून चाललं होतं. थिओफिलस पेंटर या मोठ्या माणसाने तसं लिहिलं होतं, आणि नंतरच्या कित्येकांना सूक्ष्मदर्शकाखाली ४८ च दिसत राहिली. स्वीडनमध्ये लुंड इथे जो हिन तिजो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी १९५५ च्या अखेरीस नीट पसरलेल्या पेशी मोजल्या. गुणसूत्रं ४६ भरली. १९५६ मध्ये ते छापून आलं. म्हणजे डीएनएची दुहेरी वेटोळी १९५३ मध्ये उलगडली, तरी आपल्या पेशीत गुणसूत्रं किती हे आपल्याला धड माहीत नव्हतं.

आकडा पक्का झाला, तेव्हा कुठे चुकलेला आकडा ओळखता येऊ लागला. १९५९ मध्ये पॅरिसहून बातमी आली: डाउन सिंड्रोमच्या मुलांमध्ये ४७ गुणसूत्रं असतात, २१ वं एक जास्त. शोधाचं श्रेय बरीच वर्षं झेरोम लज्यून यांच्या नावावर राहिलं. पेशी वाढवण्याचं काम उभं केलं होतं मार्थ गोतिए या डॉक्टरबाईंनी, जवळजवळ रिकाम्या हातांनी. पेशींच्या खाद्यासाठी त्यांनी एक कोंबडा आणला आणि सीरमसाठी स्वतःचंच रक्त काढलं. त्यांच्याकडे फोटो काढायची सोय नव्हती, म्हणून काचपट्ट्या लज्यून घेऊन गेले. निबंध छापून आला तेव्हा गोतिएबाईंचं नाव दुसरं होतं, आणि तेही चुकीचं छापलेलं. आमच्या धंद्यातल्या बायकांना ही गोष्ट पाठ असते.

एक गुणसूत्र जास्त येतं कसं? बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकेकच पुढे जायला हवं. कधी जोडी सुटत नाही आणि दोन्ही एकीकडे जातात. डाउन सिंड्रोममध्ये हे बहुतेक वेळा बीजांडात घडतं. त्याचं कारण मुलीच्या जन्माआधीचं आहे. तिची बीजांडं आईच्या पोटातच विभाजनाला सुरुवात करतात आणि अर्ध्यावर थांबतात. उरलेलं विभाजन पुरं होतं ते वीस, तीस, चाळीस वर्षांनी. इतका काळ जोडी धरून ठेवणारी प्रथिनं हळूहळू ढिली होतात. म्हणून विशीतल्या आईला ही शक्यता दीड हजारात एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक अशी चढत जाते. ग्रहणात सुरी धरली, पपई खाल्ली, जिन्यावरून उतरली, यातल्या कशाचाही संबंध नाही. नात्यातल्या लग्नाचाही नाही. मामाच्या मुलीशी लग्न केलं तर थॅलेसेमियासारख्या आजारांचा धोका वाढतो, हे खरं. पण ते जनुकांचे आजार, त्यांचा हिशेब वेगळा. आमच्या खोलीत मात्र दोन्हींची खिचडी झालेली रोज दिसते.

आकड्याचे घोटाळे आणखीही असतात. मुलीत एकच एक्स असेल तर टर्नर सिंड्रोम; ‘पाळी आलेली नाही’ या कागदामागे बऱ्याचदा हे निघतं. मुलात दोन एक्स आणि एक वाय असेल तर क्लाइनफेल्टर. हा साधारण सहाशे मुलांत एक, आणि कळतो तो लग्नानंतर मूल होत नाही म्हणून. इतर गुणसूत्रांपैकी एखादं जास्त झालं, तर गर्भ सहसा टिकतच नाही. पहिल्या तीन महिन्यांत आपोआप पडणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये गुणसूत्रांचा दोष असतो. ते गर्भ आईने जड बादली उचलली म्हणून पडलेले नसतात.

गंमत अशी की अख्खा संच जास्त असण्याचा जो घोटाळा माणसाला अजिबात चालत नाही, तो झाडांना खुशाल चालतो. जळगावच्या केळ्यात प्रत्येक गुणसूत्र तीन-तीन वेळा आहे, एकूण ३३. तिनांच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून त्यात बी धरत नाही. खपली गव्हात २८ गुणसूत्रं, तर रोजच्या पोळीच्या गव्हात ४२. फार पूर्वी गवतांच्या संकरातून हे संच एकावर एक चढत गेले, आणि आपण ते तव्यावर भाजून खातो.

आतापर्यंतचं सगळं मोजण्याचं झालं. माझा जीव रमतो तो दुसऱ्या प्रकारात: आकडा बरोबर असतो, पण गुणसूत्राची बांधणी बिघडलेली असते. गुणसूत्र कुठेतरी तुटतं आणि पेशी घाईघाईने ते सांधते. कधी तुटलेला तुकडा हरवतो. पाचव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूचा शेंडा गेला, तर बाळाचं रडणं मांजराच्या पिल्लासारखं बारीक येतं. हेही लज्यून यांनी १९६३ मध्ये दाखवलं. कधी एखादा भाग दोनदा येतो. फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांत एक जात आहे, जिचे डोळे गोल असण्याऐवजी फटीएवढे अरुंद असतात. एक छोटा तुकडा दुप्पट झाल्याचा तो परिणाम आहे, हे १९३६ मध्ये कळलं. कधी दोन्ही टोकं तुटून एकमेकांना चिकटतात आणि कडं तयार होतं. कधी मधला तुकडा उलटा फिरून बसतो. नवव्या गुणसूत्रातला एक ठरावीक भाग उलटा असलेले लोक शंभरात एक-दोन तरी असतात आणि त्याने काहीही होत नाही. तरी अहवालात ते लिहावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी घाबरलेल्या माणसाचा फोन येतो. मी त्यांना सांगते, कागद फाइलला लावा आणि विसरून जा.

आणि मग येतं स्थानांतरण. दोन वेगळी गुणसूत्रं तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल होते. हजारात एक-दोन माणसं असं काहीतरी बाळगून असतात. हरवलेलं काही नसतं, वाढलेलं काही नसतं, म्हणून माणूस पूर्ण निरोगी. समजा, घरात २३ खंडांच्या कोशाचे दोन संच आहेत, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. बाइंडरने एका संचात अकराव्या खंडाची शेवटची पानं बाविसाव्याला बांधली आणि बाविसाव्याची अकराव्याला. घरात सगळी पानं आहेत, वाचणाऱ्याचं काही अडत नाही. पण मुलाला देताना प्रत्येक क्रमांकाचा एकेकच खंड द्यायचा असतो. दोन्ही नीट बांधलेले गेले तर उत्तम. दोन्ही चुकीचे बांधलेले गेले तरी उत्तम, मूल बापासारखंच निरोगी. एक नीट आणि एक चुकीचा गेला, की मुलाच्या वाट्याला काही पानं जास्त आणि काही गायब. तिथे गर्भ पडतो, किंवा गंभीर दोष घेऊन मूल जन्माला येतं.

अकरा आणि बावीस मी मुद्दाम घेतले. माणसात पुन्हा पुन्हा, एकमेकांशी नातं नसलेल्या घराण्यांत, ठरावीक जागीच होणारी ही अदलाबदल आहे. या दोन्ही गुणसूत्रांच्या त्या जागी डीएनएची अक्षरं अशी रचलेली आहेत की धागा स्वतःवरच दुमडतो आणि तुटायला सोपा होतो. पुढे होणारा घोटाळाही निराळा असतो: कधी कधी दोनाऐवजी तीन खंड पुढे जातात आणि बाळाला ४७ वं, तुकड्यातुकड्यांचं गुणसूत्र मिळतं. त्याला एमॅन्युएल सिंड्रोम म्हणतात.

सांगलीकडच्या एका जोडप्याची फाइल मला या निमित्ताने आठवते. तीन गर्भपात. पहिल्या दोन वेळा फक्त तिचं रक्त तपासलं गेलं होतं, थायरॉइड, साखर, सोनोग्राफी, गर्भाशयाची पिशवी, सगळं. आमच्याकडेही नळी एकच आली, तिची. तिची ४६ गुणसूत्रं अगदी देखणी होती. आमच्या अर्जावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं: पती आणि पत्नी दोघांचंही रक्त पाठवा. तरीही एकच नळी येते, आणि ती कुणाची ते सांगायला नको. मी फोन करून नवऱ्याचं रक्त मागवलं. “माझी तब्येत एकदम फर्स्टक्लास आहे हो मॅडम,” तो म्हणाला. खरंच होती. कुस्ती खेळलेला गडी होता. आणि त्याच्या प्रत्येक पेशीत अकरावं आणि बाविसावं टोकं बदलून बसली होती.

वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांमध्ये शंभरात दोन ते पाच घरी, दोघांपैकी एकात अशी अदलाबदल सापडते. म्हणजे बहुतेकांचं कारण दुसरंच असतं. पण जिथे हे असतं, तिथे बाकीच्या सगळ्या तपासण्या आणि सगळे उपास वाया जातात. आणि कळलं, तर वाट असते. अशा जोडप्यांपैकी अनेकांना पुढच्या खेपेला काही न करता निरोगी मूल होतं. गर्भ राहिल्यावर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा कण घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल काढून तपासता येतं. टेस्ट ट्यूब बेबीच्या पद्धतीने आधीच भ्रूण निवडूनही घेता येतो, मात्र तो खर्च सगळ्यांच्या आवाक्यातला नाही. गर्भाचा अहवाल देताना आम्ही एक्स आणि वायची जोडी झाकतो आणि लिंग कुठेही लिहीत नाही. १९९४ चा केंद्राचा कायदा आहेच, पण त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, असा कायदा महाराष्ट्राने केला होता. तो का करावा लागला, ते मी वेगळं सांगायची गरज नाही.

सुरुवातीला ज्या ४५ वाल्यांचा उल्लेख केला, तेही याच कुळातले. १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांची एक बाजू अगदी बुटकी असते, त्यात फारसं मोलाचं काही नसतं. दोन अशी गुणसूत्रं बुटक्या बाजू टाकून देऊन एकमेकांना जोडली जातात. आकडा एकने उतरतो, माणूस तसाच. १९१६ मध्ये रॉबर्टसन नावाच्या शास्त्रज्ञाने हे नाकतोड्यांत पाहिलं, म्हणून त्याचं नाव लागलं. १४ आणि २१ जोडलेली आई असेल, तर बाळाला डाउन सिंड्रोम होण्याची शक्यता दर खेपेला दहा-पंधरा टक्के. बाप असेल तर ती फारच कमी. २१ ला २१ च जोडलेलं असेल, तर जन्माला येणारं प्रत्येक मूल डाउन सिंड्रोमचं. हा अहवाल लिहायला माझा हात सर्वांत जड होतो. डाउन सिंड्रोमच्या मुलांमध्ये ही जोडणी तीन-चार टक्क्यांतच असते. पण आई पंचविशीची आहे, तर तपासायला कशाला, असं समजून कॅरिओटाइप टाळू नये, ते यासाठीच.

अशी अदलाबदल जन्मानंतर, एखाद्याच पेशीतही होते. ती मुलांना जात नाही. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नॉवेल (तेच, राजम्यावाले) आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना रक्ताच्या एका कर्करोगात एक अतिशय छोटं गुणसूत्र दिसलं. तुकडा गेला कुठे, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये सांगितलं. जेवणाच्या टेबलावर कापलेली गुणसूत्रं मांडून त्या बसत आणि आई कागदी बाहुल्यांशी खेळते म्हणून मुलं हसत. बाविसाव्याचा तुकडा नवव्यावर गेला होता आणि नवव्याचा बाविसाव्यावर. सांध्यावर जे नवं जनुक तयार झालं, तेच पेशीला थांबू देत नव्हतं. त्याला नेमकं अडवणारं इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालं आणि जिवावरचा आजार रोज गोळी घेऊन सांभाळण्याजोगा झाला. त्याच्या पेटंटचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात गाजला. १ एप्रिल २०१३ ला औषधाच्या मूळ कंपनीची, नोव्हार्टिसची, मागणी फेटाळली गेली, आणि आपल्याकडच्या कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या चालू राहिल्या. आमच्या खोलीत आजही त्या छोट्या गुणसूत्राची तपासणी नित्याची आहे.

गुणसूत्रं जोडली जाणं म्हणजे आजारच, असंही नाही. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, सगळ्यांची ४८. आपलं दुसरं गुणसूत्र दोन गुणसूत्रं टोकाला टोक जोडून झालेलं आहे, आणि सांध्याची खूण अजून तिथे आहे. चांदोलीच्या, कोयनेच्या रानात रात्री कुत्र्यासारखं भुंकणारं भेकर तर या बाबतीत सस्तन प्राण्यांमधलं टोक आहे: मादीत ६ गुणसूत्रं, नरात ७. त्याच्या चिनी भाईबंदात ४६ आहेत. एवढी जोडाजोडी होऊनही भेकर दिसायला भेकरच, आणि बिबट्याला बघून पळायला तितकंच चपळ.

त्या सांगलीच्या घरातून नंतर आणखी एक फोन आला होता, सासूबाईंचा. धाकट्या मुलीचं लग्न ठरतंय, भावाच्या अहवालाचं तिला सांगायचं का, आणि सांगितलं तर समोरच्यांना कळेल का? मी सांगितलं की अहवाल ज्याच्या नावाचा आहे त्याच्याच हातात जातो, आमच्याकडून एक अक्षरही बाहेर जाणार नाही. पण आईवडिलांपैकी एकाकडून ही अदलाबदल आली असेल, तर बहिणीतही ती असण्याची शक्यता निम्मी. आधी आईवडिलांचं रक्त तपासा. दोघांत नसेल, तर ती भावातच नव्याने झाली आहे आणि बहिणीचा प्रश्न जवळपास मिटतो. असेल, तर बहिणीची एक नळी रक्त. लग्नाआधी की नंतर, हे तिने ठरवायचं, आईने नाही. थोरल्या मुलाचा आठ वर्षांचा मुलगाही तपासून घ्यावा का, असं त्यांनी शेवटी विचारलं. त्याला मी नाही म्हणाले. निरोगी मुलाला या तपासणीचा आज काही उपयोग नाही. अठरा पुरी झाली की त्याचं तो विचारेल. तोवर काकाचा अहवाल नीट जपून ठेवा.